एटीव्हीच्या क्लचची स्प्रिंग घरी बदलता येते का?

मृगबहार | सोमवार, रात्री ९:१४

रामराम मंडळी.

आमची मोसंबीची बाग अंबड तालुक्यात आहे. झाडं मोठी झाली, फांद्या जमिनीला टेकल्या, आणि ट्रॅक्टर आत घातला की दोन्ही बाजूंनी फळं झडायला लागली. म्हणून एका रिसॉर्टवाल्याकडून जुनी ५०० सीसीची एटीव्ही घेतली. चार फुगीर टायर, हँडल, मागं छोटी ट्रॉली. फवारणीची टाकी, खताची पोती, काढलेल्या मालाचे क्रेट, सगळं तिच्यावरच चालतं. गिअर म्हणजे लो, हाय, न्यूट्रल आणि रिव्हर्स. बाकी सगळा खेळ पट्ट्यावर.

आता दुखणं असं की चालू करून गिअर टाकला की ॲक्सिलेटर न देताच गाडी पुढं सरकते. न्यूट्रलमधून लोमध्ये टाकताना खर्रर्र वाजतं, कधीकधी लिव्हर बसतच नाही. आणि भरली ट्रॉली घेऊन विहिरीकडच्या चढाला लागलो की इंजिन घुसमटतं, आरपीएम चढतच नाहीत.

शहरातल्या एका सर्व्हिसवाल्यानं फोनवरच सांगितलं, "पूर्ण क्लच बदलावा लागेल, गाडी घेऊन या." नवा क्लच, वर टेम्पोचं भाडं, हिशेब ऐकून गप्प बसलो. भाच्यानं व्हिडिओ बघून निदान केलंय की पुढच्या क्लचमधली स्प्रिंग बसलीय, म्हणजे दबून ढिली पडलीय, तेवढीच बदलायची. ऑनलाइन मिळते म्हणे. पण तिथं लाल, पांढरी, निळी, हिरवी अशा ढीगभर दिसतात.

कुणी घरी बदललीय का? माझ्याकडं गोटी सेट आहे, पाने आहेत, वेल्डिंग मशीन आहे आणि भाचा आहे.

बिनकामाचा | सोमवार, रात्री ९:२०

यादीतल्या शेवटच्या दोन गोष्टी क्लचपासून लांब ठेवा. बाकी जाणकार येतीलच. मी बसलोय वाचत.

गोटीपाना | सोमवार, रात्री ९:५१

मालक, घाबरू नका. माझं लातूरला स्कूटरचं गॅरेज आहे, रोज हेच करायलो. एटीव्ही म्हणजे मोठी स्कूटरच की. मागच्या पुलीवर क्लच शूज असतेत, त्याच्यामागं ही मोठी स्प्रिंग. वरचा मोठा नट ३९ च्या पान्यानं सोडायचा. पण नट सुटायच्या आधी वरून दाबून धरायचं बरं का. नाहीतर ती स्प्रिंग नट-क्लच घेऊन वर उडते, समोर तोंड असलं तर दात गेलेच. आमच्यात एक पोरगं दाबून बसतंय, दुसरं नट सोडतंय. दोन माणसं पाहिजेतच. भाचा हाय तुमच्याकडं, झालं मग.

शेतीअभियंता | सोमवार, रात्री १०:३७

गोटीपाना दादा, तुम्ही सांगितलंत ते स्कूटरला अगदी बरोबर आहे. पण मृगबहार यांच्या गाडीत त्या जागी दुसरंच काही असण्याची शक्यता जास्त. आधी कुठली स्प्रिंग ते ठरवू, मग पाना हातात घ्यायचा.

पट्ट्याच्या गाडीत दोन पुल्या असतात. एक इंजिनच्या क्रँकच्या (मुख्य दांड्याच्या) टोकावर, दुसरी गिअरबॉक्सच्या शाफ्टवर. प्रत्येक पुलीचे दोन तिरपे चक्के. ते जवळ आले की पट्टा वर चढतो, लांब गेले की खाली उतरतो. गिअर बदलणं म्हणजे एवढंच.

बऱ्याच मोठ्या एटीव्हींमध्ये पुढची पुली हाच क्लच असतो. इंजिन मंद चालू असताना आतली स्प्रिंग दोन चक्क्यांना एकमेकांपासून लांब ठेवते. पट्ट्याला पकड मिळत नाही, गाडी उभी राहते. आरपीएम वाढले की चक्क्यामागची वजनं बाहेर फेकली जातात, स्प्रिंगला मागे रेटून चक्का पुढे ढकलतात, पट्टा आवळला जातो आणि गाडी निघते. स्प्रिंग थकली की वजनं लवकर जिंकतात. मंद चालीलाच पट्टा धरला जातो, म्हणून गाडी सरकते आणि गिअर टाकताना आतले दात फिरत असतात, म्हणून खर्रर्र. पुढे पट्टाही लवकर वर चढतो, म्हणजे भरल्या ट्रॉलीला वरचा गिअर पडल्यासारखं होतं आणि चढावर इंजिनचा दम जातो. तुमची तिन्ही लक्षणं एका ओळीत बसतात. भाच्याचं निदान मला पटतंय.

स्कूटरचं इंजिन बसवलेल्या १५०-२०० सीसीच्या एटीव्हीत मात्र पुढच्या पुलीत वजनांच्या जागी नुसते रोलर असतात, स्प्रिंग मागे, गोटीपाना म्हणतात तिथे. आणि यामाहाच्या मोठ्या एटीव्हींमध्ये तिसरीच तऱ्हा: पट्टा कायम ताणलेला, क्लच वेगळा आणि तेलात. त्या गाडीवाल्याने पुढच्या पुलीत स्प्रिंग शोधली तर शोधतच बसेल.

तेव्हा दोन गोष्टी बघून सांगा. प्लास्टिकचं झाकण काढल्यावर पुढच्या पुलीच्या तोंडावर बोल्टांनी बसवलेलं गोल कव्हर दिसतं का? आणि आयडलचे, म्हणजे ॲक्सिलेटर न देता इंजिन मंद चालतं तेव्हाचे, आरपीएम किती आहेत? आयडलच कुणी वाढवून ठेवलं असेल, तर नवी स्प्रिंग टाकूनही गाडी सरकणारच.

ट्रॅक्टर_आण्णा | मंगळवार, सकाळी ६:०५

एवढ्या पैशात जुना मिनी ट्रॅक्टर आला असता. ओढायला ट्रॅक्टर, फवारायला पाठीवरचा पंप. ही हौसेची गाडी. पर्यटकांनी हुंदडून झाल्यावर शेतकऱ्याच्या गळ्यात मारली.

मृगबहार | मंगळवार, सकाळी ७:३०

आण्णा, भावकीतला मिनी ट्रॅक्टर घालून बघितला. स्टिअरिंगवरच्या माणसाच्या डोक्याला फांदी लागतेच. दुसरं म्हणजे आपलं काळं रान. चांगला पाऊस झाला की वाफसा येईपर्यंत ट्रॅक्टरला आत जाता येत नाही, गेलाच तर चाकोऱ्या पडून मुळं उघडी होतात. हिचे टायर रुंद, हवा अगदी कमी, वजनही कमी. पाठीवरच्या पंपाचं म्हणाल तर सगळी बाग पाठीवर फवारायला माणूस आणून द्या, दुपटीनं हजेरी देतो.

शेतीअभियंता ताई, संध्याकाळी झाकण काढतो आणि कळवतो.

हुरडापार्टी | मंगळवार, सकाळी ११:१२

खुलताबादजवळ आमचं कृषी पर्यटन आहे. हुरड्याच्या दिवसांत पाव्हण्यांना फिरवायला छोट्या एटीव्ही ठेवल्यात, त्यामुळं या विषयात चिक्कार पैसे घालून शिक्षण झालंय.

स्प्रिंग मागवायच्या आधी पट्टा बघा. आमच्या एका गाडीला पिकअप नव्हता, पोरांनी स्प्रिंग-स्प्रिंग केलं आणि निघाला पट्टा झिजलेला. फरक ओळखायला सोपा आहे. पट्टा झिजून अरुंद झाला तर तो पुलीत खोल बसतो, त्यामुळं गाडी उशिरा धरते. ॲक्सिलेटर दिला तरी आधी नुसती घोंघावते, जळक्या रबराचा वास येतो, वरचा वेगही घटतो. स्प्रिंग बसली तर गाडी लवकर धरते. तुमची लवकर धरतेय, म्हणजे ताईंचं बरोबर वाटतंय. पण उघडलंच आहे तर पट्ट्याची रुंदी व्हर्नियरनं मोजाच. किती रुंदीखाली बाद करायचा ते मॅन्युअलमध्ये असतं. कडा आरशासारख्या चकाकत असतील, आतल्या बाजूला भेगा असतील किंवा एकाच जागी खड्डा पडला असेल तर व्हर्नियर काढायची पण गरज नाही.

खड्डा कशानं पडतो ते सांगतो. गाडी चिखलात अडकली, चाकं फिरेनात, तरी वरचा शहाणा ॲक्सिलेटर पिळत बसतो. पट्टा एका जागी थांबलेला आणि पुली त्याच्यावर घासते. आमच्याकडं दर रविवारी असा एक तरी पाव्हणा असतो.

काळीभोर | मंगळवार, दुपारी १:४०

येवढं पुराण कशाला? स्प्रिंगखाली जाड वॉशर टाका, परत ताठ होते. फुकटात काम. नाहीच झालं तर जालन्यात लेथवाल्याला नमुना द्या, तशीच्या तशी वळून देतो. गेवराईला आमच्या मळणी यंत्राची अशीच करून घेतली, अजून चालू आहे.

गोटीपाना | मंगळवार, दुपारी १:५८

वॉशरचं मी बी करतो कधीमधी. गिऱ्हाईकाकडं पैसे नसले की.

भौतिकराव | मंगळवार, दुपारी ४:२२

नांदेडला अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. एटीव्हीला आजवर हात लावलेला नाही, हे आधीच सांगतो, म्हणजे कुणी पाना आणायला लावणार नाही.

वॉशरने स्प्रिंग ताठ होत नाही. ती आधीपासून थोडी जास्त दाबलेली राहते, एवढंच. स्प्रिंगचा ताठपणा न्यूटन प्रति मिलिमीटरमध्ये मोजतात आणि वॉशरने तो बदलत नाही. समजा ताठपणा २० आहे आणि तुम्ही २ मिलिमीटरचा वॉशर टाकला. सुरुवातीचा जोर ४० न्यूटनने वाढेल आणि शेवटचाही ४० नेच. गाडी धरायची जागा कदाचित जुळेल, पण थकलेली स्प्रिंग थकलेलीच. शिवाय वॉशरने जागा खाल्ली. चक्के पूर्ण जवळ यायच्या आधीच वेटोळे एकमेकांवर टेकले तर पुढे जायला वाटच उरणार नाही, पुली अर्ध्यात अडेल.

काही जण एखादा वेटोळा कापतात. वेटोळे कमी झाले की ताठपणा वाढतो, हे खरं. पण लांबीही घटते, त्यामुळे सुरुवातीचा जोर उलट कमी होऊ शकतो. म्हणजे गाडी आणखी सरकेल. आणि हाताने ओढून लांब केलेली स्प्रिंग काही फेऱ्यांत परत बसते.

लेथवाल्याचं असं: ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. नमुन्यापेक्षा तार ५ टक्के बारीक मिळाली, तर ०.९५ चा चौथा घात ०.८१ येतो. म्हणजे स्प्रिंग साधारण १९ टक्के मऊ. डोळ्याला दोन्ही सारख्याच दिसतील. वेटोळ्याचा व्यास वाढला तर ताठपणा त्याच्या घनाच्या प्रमाणात घटतो, ते वेगळंच.

बिनकामाचा | मंगळवार, दुपारी ४:३०

सर, चौथ्या घातापर्यंत आलो आणि हात आपोआप डब्याकडे गेला. मधल्या सुट्टीची घंटा द्या.

वाळूजकर | मंगळवार, संध्याकाळी ७:१५

सर म्हणाले ते कारखान्यातूनही खरं आहे. मी वाळूज एमआयडीसीत स्प्रिंग बनवणाऱ्या एका छोट्या युनिटमध्ये काम करतो. काळीभोर भाऊ, मळणी यंत्रावरची स्प्रिंग बहुतेक एका जागी ताणून धरायचं काम करते. क्लचची स्प्रिंग ॲक्सिलेटर दिला-सोडला की दर वेळी दबते आणि सुटते, ते पण पट्ट्याच्या गरम हवेत. तिला थकव्यानं तडा जातो.

आमच्याकडं तार वळल्यावर भट्टीत ठरावीक तापमानाला ठेवून ताण काढतात. मग बारीक पोलादी छर्‍यांचा मारा करतात, त्यानं पृष्ठभाग दाबला जातो आणि तडा सुरू व्हायला वेळ लागतो. शेवटी स्प्रिंग पूर्ण दाबून सोडतात, म्हणजे जी काय बसायची ती कारखान्यातच बसते, गाडीत नाही. दोन्ही टोकं घासून सपाट करतात, नाहीतर ती तिरकी दाबते आणि आतला बुश (शाफ्टवरची कडी) खाते. लेथवाला यातलं बहुतेक काही करत नाही. आणि गॅसनं लाल करून वळली असेल तर तारेचा टेंपर, म्हणजे कणखरपणाच गेला, ती स्प्रिंग खेळण्यात पण टाकू नका.

काळीभोर | मंगळवार, संध्याकाळी ७:४०

बरं बाबा, मागवा विकतची. माझा वॉशर मी घेऊन जातो.

नाना_पेठेतला_परभणीकर | मंगळवार, रात्री ८:५५

रंगाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. पुण्यात नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानात नोकरी करतो. स्प्रिंगवरचा रंग त्या त्या कंपनीचा असतो, त्याला सगळ्यांचा मिळून काही नियम नाही. एकाची पांढरी नरम, तर दुसऱ्याची पांढरी कडक. त्यामुळं "लाल भारी असते" असं ज्यानं सांगितलं त्याला आधी विचारा, कुठल्या कंपनीची लाल.

तुमच्या गाडीचं मॉडेल आणि वर्ष घेऊन कंपनीच्या पार्ट कॅटलॉगमध्ये मूळ स्प्रिंगचा नंबर काढा आणि त्याच नंबरची मागवा. मोठे टायर टाकलेत, वजनं बदललीत, असं काही असेल तर दुसरी स्प्रिंग लागते, एरवी नाही. उगाच कडक टाकली तर गाडी जास्त आरपीएमला धरेल, निघताना झटका देईल आणि पट्टा तापवेल. मोसंबीचे क्रेट भरलेल्या ट्रॉलीला झटका नको. वाहतुकीत साल दुखावलेला माल मोंढ्यात कुणी बघत नाही.

तुळजापूर_नाका | मंगळवार, रात्री ९:३०

जरा अवांतर. ही गाडी रस्त्यावर चालते का? गावातून रानात जायला?

हुरडापार्टी | मंगळवार, रात्री ९:४४

बहुतेक एटीव्हींना भारतात नंबर मिळत नाही, शेतात किंवा खासगी जागेतच फिरवायच्या. पोलारिसनं स्पोर्ट्समन ५७० ट्रॅक्टर म्हणून नोंदणी होईल अशा रूपात आणली होती, ती रस्त्यावर नेता येते. बाकीच्यांनी रस्ता ओलांडायचा तरी ट्रॉलीवर चढवून.

ट्रॅक्टर_आण्णा | बुधवार, सकाळी ५:५०

म्हणजे शेवटी ट्रॅक्टरच!

मृगबहार | बुधवार, रात्री ८:१०

झाकण काढलं. मडगार्ड, पाय ठेवायचं प्लास्टिक, हवेच्या नळ्या, हे सगळं काढण्यातच संध्याकाळ गेली. प्लास्टिकच्या क्लिपा उन्हानं कडक झाल्यात, हात लावला की तुटतात. आत झाकणाच्या तळाला काळी माती आणि पट्ट्याचा भुगा.

ताई, पुढच्या पुलीच्या तोंडावर सहा बोल्टचं गोल कव्हर आहे. आयडल मॅन्युअलमध्ये दिलंय तेवढंच आहे. पट्टा मोजला, मर्यादेच्या वर आहे, पण फार वर नाही. स्प्रिंग नंबरनं मागवली. आता हे सहा बोल्ट कसे सोडायचे ते सांगा. गोटीपाना दादांच्या दातांच्या गोष्टीनं भाचा जरा मागं सरकलाय.

शेतीअभियंता | बुधवार, रात्री ९:४८

उत्तम. मग पुली क्रँकवरून काढायची गरज नाही, हे बरं झालं. ती निमुळत्या शाफ्टवर घट्ट बसलेली असते, त्यासाठी योग्य पुलर लागतो, आणि हातोडा मारून काढायला गेलात तर क्रँकच दुखावते. तुमचं काम नुसत्या कव्हरवर भागेल.

चावी काढून खिशात ठेवा. इंजिन थंड असू दे. नाकाला फडकं बांधून भुगा हवेने उडवा. मग मार्करने कव्हरवर आणि त्याला लागून असलेल्या चक्क्यावर एक आडवी रेघ ओढा. हे विसरू नका. ही पुली फिरताना तोल राहावा म्हणून कव्हरची जागा ठरलेली असते. काही कव्हरांवर कंपनीची खूण असते, पण भुग्यात ती दिसत नाही. कव्हर दुसऱ्या जागी बसलं तर गाडी थरथरेल आणि कारण सापडणार नाही.

बोल्ट एक पूर्ण काढून मग दुसरा, असं करायचं नाही. समोरासमोरच्या जोड्या धरून प्रत्येकाला थोडा-थोडा सैल करत फिरायचं. मधल्या छिद्रात शाफ्टवर बसणारा बुश असतो. कव्हर तिरकं झालं तर तो ओरखडतो, आणि पुढे चक्का अडखळत सरकतो. शेवटच्या आट्यांना एकाने कव्हर तळहातांनी सरळ दाबून धरायचं. इथली स्प्रिंग स्कूटरच्या मागच्या स्प्रिंगसारखी एका नटावर अडकलेली नसते, पण दाबलेली असतेच. चेहरा समोर नको. चष्मा घाला.

स्प्रिंग निघाली की घाई करू नका. आतली वजनं एकेक उचलून सोडा, ती मोकळी पडली पाहिजेत. वजनं ज्यांच्यावर टेकून सरकतात ते रोलर बोटाने फिरवून बघा, कुठे सपाट झालेत का. चक्के पट्ट्याच्या बाजूने गुळगुळीत हवेत, नखाला पायरी लागली तर तो चक्का झिजलाय. तुमच्या मॉडेलला इंजिन ब्रेकिंग (उतारावर ॲक्सिलेटर सोडला की इंजिननेच गाडी रोखणं) असेल तर दोन चक्क्यांच्या मध्ये एक बेअरिंग असतं, ते एकाच दिशेने मोकळं फिरायला हवं.

गोटीपाना | बुधवार, रात्री १०:०२

आन् बसवताना शाफ्टला थोडं ग्रीस लावा, गुळगुळीत चालतंय.

हुरडापार्टी | बुधवार, रात्री १०:०५

नको!!

शेतीअभियंता | बुधवार, रात्री १०:०९

दादा, इथे नको. हा क्लच कोरडा चालतो. ग्रीस लावलं की भुगा चिकटून त्याची लुगदी होते, चक्का अडकतो. वर फिरताना ग्रीस उडून पट्ट्यावर गेलं तर पट्टा घसरणार. बुश कोरडेच असतात. चक्के ब्रेक क्लीनर आणि स्वच्छ फडक्याने पुसायचे, त्यावर हातही लावायचा नाही.

हुरडापार्टी | बुधवार, रात्री १०:२६

बसवतानाची एक युक्ती. त्याच आट्यांचे, पण जरा लांब असे दोन बोल्ट आणा. कव्हर ठेवून ते समोरासमोर लावा आणि दोघांनी मिळून एकसारखे आवळत कव्हर खाली आणा. मूळ बोल्टांचे आटे धरले की ते लावा, मग लांब काढून टाका. नाहीतर एक जण जोर लावून दाबतोय, दुसरा बोल्ट धरायला बघतोय, बोल्ट तिरका शिरतो आणि ॲल्युमिनियमचे आटे गेले. पुढचा खर्च स्प्रिंगच्या कितीतरी पट.

वाळूजकर | बुधवार, रात्री १०:४०

तुमच्या यादीत टॉर्क रेंच (मोजून आवळायचा पाना) दिसला नाही, कुणाकडून तरी आणा. आणि एक लक्षात घ्या, अमेरिकन मॅन्युअलमध्ये छोट्या बोल्टांचा आकडा इंच-पाउंडात असतो. फूट-पाउंड समजून आवळलं तर बाराचा गुणाकार. बोल्ट तुटून आत राहिला की मग खरंच टेम्पो सांगायला लागेल.

पाणीपुरी_पॉइंट | गुरुवार, सकाळी १०:१५

सगळे उत्साहात दिसताय म्हणून विरोधी मत. ज्याचं काम त्याला द्यावं. हजारो आरपीएमनं फिरणारी वस्तू आहे ती, झाकणाआड आहे म्हणून दिसत नाही. घरगुती दुरुस्तीनं दोन पैसे वाचतील पण एखादा तुकडा सुटला तर पायाजवळच आहे. अशा गाडीचं काम रोज करणाऱ्याचा हात आणि आपला हात यात फरक असतोच.

नाना_पेठेतला_परभणीकर | गुरुवार, सकाळी ११:००

मान्य आहे, पण असा रोज करणारा हात अंबड-घनसावंगीत आहे कुठं? तिथं एटीव्ही किती असतील, हाताच्या बोटांवर. जवळचा मेकॅनिक शोधायचा म्हणजे अर्धा महाराष्ट्र फिरायचा. गावाकडं माणूस स्वतः शिकतो ते हौस म्हणून नाही.

शेतीअभियंता | गुरुवार, सकाळी ११:३२

पाणीपुरी पॉइंट यांच्या मुद्द्यातली एक गोष्ट मात्र सगळ्यांनी घ्या. काम झाल्यावर "बघू कसं चालतंय" म्हणून झाकण न लावता इंजिन चालू करायचा मोह होतो, व्हिडिओतही दाखवतात. करू नका. ते झाकण धुळीसाठी आहे तसंच तुटलेला पट्टा अडवायलाही आहे. आणि झाकणाचं रबर नीट खाचेत बसवा. आपल्याकडे ओढे, चाऱ्या, ठिबकचं पाणी, आत पाणी गेलं की कोरडा क्लच घसरलाच. पाणी गेलंच तर तळाला ड्रेनचा बोळा असतो.

मृगबहार | पुढच्या मंगळवारी, रात्री ९:०५

स्प्रिंग आली, बसवली.

लांब बोल्टांची युक्ती नसती तर आम्ही दोघं अजून तिथंच असतो, हुरडापार्टींना आमच्याकडून क्रेटभर मोसंबी. टॉर्क रेंच जालन्यातल्या एका ओळखीच्या गॅरेजवाल्यानं दिला, परत द्यायच्या बोलीवर.

जुनी स्प्रिंग बाहेर काढली तर एका टोकाचा पाऊण वेटोळा तुटलेला, तुकडा कव्हरमध्येच घासून चकचकीत झालेला. म्हणजे बसलीही होती आणि तुटलीही. भौतिकराव सरांच्या नादानं भाच्यानं प्रयोग केला. मालाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर स्प्रिंग उभी ठेवली, वरून ड्रिल मशीनच्या स्टँडनं दाबली, आणि दोन्ही एकाच उंचीला आणून वजन बघितलं. जुनी कितीतरी हलकी भरली. काट्याचं वजन उंचीच्या पट्टीबरोबर वहीत लिहून ठेवलंय, पुढच्या वेळी स्प्रिंग बसलीय का ते न विचारता कळेल.

गाडी आता जागेवर उभी राहते. गिअर आवाज न करता पडतो. विहिरीचा चढ भरल्या ट्रॉलीनं लोमध्ये आरामात चढते. पण हायमध्ये पूर्ण ॲक्सिलेटर दिल्यावर आरपीएम मॅन्युअलपेक्षा अजून थोडे कमी वाटतात. दोन रोलर किंचित सपाट दिसले होते, ते तसेच ठेवले. त्याच्यामुळं असेल का?

शेतीअभियंता | पुढच्या मंगळवारी, रात्री ९:५०

अभिनंदन! तुटका तुकडा बाकी कुठे फिरला नाही, हे नशीब.

सपाट रोलरमुळे वजन अडखळत सरकतं, त्याने आरपीएम वर-खाली होतात, एका जागी राहत नाहीत. तुमचे स्थिर पण कमी असतील तर आधी एअर फिल्टर बघा, कापसाच्या रानातली धूळ बारीक असते. मग मागच्या पुलीची स्प्रिंग. तीही तितकीच जुनी आहे. भार आला की पुढच्या पुलीतला पट्टा परत खाली आणायचं काम तिचं, आणि ती थकली की गाडी वरच्या गिअरला चिकटून राहते. पण ते काम वेगळं आहे, तिथे गोटीपाना दादांचं पहिलं उत्तर लागू पडेल. ती दाबूनच सोडायची. रोलर पुढच्या वेळी पट्ट्याबरोबर बदला. आणि बागेत माल ओढताना हाय नकोच, लोमध्येच चालवा. संथ चालीत ओझं ओढायला लो दिलेला असतो, पट्टाही थंड राहतो.

गोटीपाना | पुढच्या मंगळवारी, रात्री १०:१०

बघा, शेवटी माझ्याकडंच आले. मागची खोलायची असली की लातूरला या, पान्याचे पैसे घेत नाही. चहा तुमच्याकडून.

ट्रॅक्टर_आण्णा | बुधवार, सकाळी ६:००

भाच्याला विचारा, माझ्या ट्रॅक्टरचा क्लच पॅडल लई जड लागतोय. बघून देईल का?

ऊसतोड_डायरीज | बुधवार, दुपारी ३:१८

धागा उशिरा वाचला. पोरासाठी ११० सीसीची छोटी एटीव्ही घेतलीय, ती पण उभ्या-उभ्या सरकते. हीच स्प्रिंग मागवू का?

शेतीअभियंता | बुधवार, संध्याकाळी ६:४५

नको, थांबा. त्या छोट्या गाड्यांत बहुतेक पट्टाच नसतो, चेन असते, आणि क्लच इंजिनच्या तेलात फिरतो. त्यात शूजना बाहेर जाण्यापासून धरून ठेवणाऱ्या बारीक स्प्रिंगा असतात. पण स्प्रिंगेकडे जायच्या आधी आयडलचा स्क्रू बघा. लहान मुलांच्या गाडीचं आयडल वाढवून ठेवलेलं असतं, बंद पडू नये म्हणून. आरपीएम कमी करून गाडी उभी राहिली, तर काही उघडायची गरज नाही. तरी सरकली तर इंजिन ऑइल कुठलं टाकलंय ते लिहा आणि उजव्या बाजूच्या कव्हरचा फोटो टाका, मग पुढचं बघू.